दक्षिण कॅलिफोर्नियात शेवंडी धरायला पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

खडपवाली (सॅन डिएगो)

सप्टेंबर संपत आला की आपल्या मंडळींची विचारणा सुरू होते. सॅन डिएगो, ऑरेंज काउंटी, लॉस एंजेलिस, कुठून कुठून. बहुतेकांनी उन्हाळ्यात ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स केलेला असतो आणि त्यांना सीझनच्या पहिल्या रात्री शेवंडी धरायला यायचं असतं. मी नाही म्हणते. पण नुसतं नाही म्हटलं तर माणूस दुसऱ्या कुणाबरोबर तरी जातोच, म्हणून कारणं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी प्राण्याबद्दल, कारण बाकीचं सगळं त्यावरून ठरतं. इथली शेवंड म्हणजे कॅलिफोर्निया स्पायनी लॉबस्टर, शास्त्रीय नाव पॅन्युलिरस इंटरप्टस. कोकणातल्या शेवंडीही पॅन्युलिरस याच प्रजातीतल्या, त्यामुळे मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाला ही बघताक्षणी ओळखू येते. नांग्या नाहीत, पाठीवर पुढे झुकलेले काटे आणि लांबलचक मिशा. दिवसा कपारीत बसून राहते, फक्त मिशा बाहेर. अंधार पडला की शिंपले, गोगलगायी, अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री प्राणी) खायला निघते. अंड्यातून निघालेली पिल्लं पानासारखी चपटी आणि पारदर्शक असतात. ती कित्येक महिने उघड्या समुद्रात वाहत राहतात आणि मग किनाऱ्याजवळ येऊन शेवंडीचं रूप घेतात. तिथून कायद्याने धरता येईल एवढं माप व्हायला साधारण ७ ते ११ वर्षं लागतात. म्हणजे सव्वा पौंडाची जी शेवंड हातात येते ती आपल्या शाळकरी मुलांच्या वयाची असते.

उन्हाळ्यात माद्या अंडी पोटाखाली धरून उथळ, उबदार पाण्यात येतात. हिवाळी वादळं सुरू झाली की बहुतेक शेवंडी खोल पाण्याकडे सरकतात. ऑक्टोबरात सीझन उघडतो तेव्हा त्या अजून १० ते ३० फुटांतच असतात. नवशिक्याला हे सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात लाटांचा हेलकावा सगळ्यात जास्त लागतो तो याच पट्ट्यात. खाली खडक, वर फेस, मधे आपण. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात मेक्सिकोच्या बाजूला चक्रीवादळ झालं तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या आपल्या किनाऱ्यांवर लांब पल्ल्याच्या मोठ्या लाटा येतात, आणि इथे आकाश मात्र निरभ्र असतं. वरून बघून काही कळत नाही.

सीझन उघडतो ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारच्या आधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी ६ वाजता. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे पहिली उडी काळोखातच. पाण्यात एकाच खडपावर (खडकाळ तळावर) वेगवेगळ्या गटांचे टॉर्च फिरत असतात, आपला बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, कोणता ते कळत नाही. तळातली वाळू ढवळून निघालेली असते. वर हूप नेट, म्हणजे गोल कड्याची जाळी, टाकणाऱ्यांच्या बोटी. सगळ्यांना घाई. सीझनच्या सुरुवातीच्या दिवसांत डायव्हर दगावल्याच्या बातम्या इथे अनेकदा आल्या आहेत. डायव्हिंगमधल्या मृत्यूंचा अभ्यास करणारी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था वर्षानुवर्षं हेच सांगते की हवा संपणं, अडकून पडणं आणि हृदयविकार ही प्रमुख कारणं. शिवाय कित्येकांच्या अंगावर खाली जाण्यासाठी बांधलेली वजनं तशीच सापडतात, म्हणजे वर येण्यासाठी ती टाकून द्यायचंही सुचलेलं नसतं.

शिकार लक्ष खाते, हे मला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. नुसतं पोहत असताना माणूस दर दोन-तीन मिनिटांनी प्रेशर गेज (टँकमधली हवा दाखवणारा काटा) बघतो, बडीकडे वळतो. तेच डोकं एकदा कपारीत घातलं, एका हातात टॉर्च, दुसरा हात आत, समोर दोन मिशा हलताहेत, की सगळं विसरतं. श्वास जोरजोरात चालतो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट जाते, आणि धापा टाकत असाल तर विचारूच नका. चांगल्या डायव्हरचं हे होतं. ज्याचं तरंगणं अजून हाताखाली आलेलं नाही, त्याने एकाच रात्री अंधार, थंडी, हेलकावा आणि शिकार या सगळ्याला सामोरं जाऊ नये.

माझा आग्रह असा. सप्टेंबरात, पाणी उबदार असताना, ज्या जागी पुढे उतरायचं आहे तिथे दिवसा उतरा. कपारी बघून ठेवा. आत कुठून जायचं, बाहेर कुठून निघायचं, केल्प (उंच वाढणारं समुद्री शेवाळ) कुठे दाट आहे, हे दिवसा कळतं. मग तिथेच रात्री, पण पिशवी न घेता. टॉर्चच्या उजेडात शेवंड कशी चालते, कशी थबकते, कुठल्या बाजूला उसळी मारते, ते पाहा. हे करून झाल्यावर नोव्हेंबरात गर्दी ओसरली की पिशवी घ्या. सीझन मार्चच्या मध्यापर्यंत चालतो.

नियम, साहित्य, पकडायची पद्धत यावर प्रश्न येतील तसं लिहीन.

चौकस

उत्तम धागा. काही प्राथमिक प्रश्न. लायसन्स कुणाला लागतं? भारतातून आईबाबा आलेत, ते पियरवरून (धक्क्यावरून) जाळं टाकू शकतात का? आणि मुलगा १२ वर्षांचा आहे.

खडपवाली

@चौकस, १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला फिशिंग लायसन्स लागतं. पाहुणे असले तरी लागतं, त्यांना थोड्या दिवसांचं मिळतं. सार्वजनिक पियरवरून मासे धरायला लायसन्स लागत नाही, पण शेवंडीसाठी स्पायनी लॉबस्टर रिपोर्ट कार्ड मात्र प्रत्येकाला लागतं. आईबाबांना पियरवरही आणि तुमच्या मुलालाही, वयाची सूट नाही. पियरवर एका माणसाला दोनच जाळी.

हे कार्ड २००८ पासून आहे. पाण्यात उतरण्याआधी त्यावर तारीख आणि जागा लिहायची, जागा बदलली किंवा काम संपलं की किती ठेवल्या ते लिहायचं. एकही मिळाली नाही तर शून्य लिहायचं. सीझन संपल्यावर ३० एप्रिलपर्यंत ऑनलाइन किंवा टपालाने माहिती द्यायची. लोक याला कटकट म्हणतात. मला ते पटत नाही. हौशी लोक समुद्रातून किती काढतात याचा अंदाज फिश अँड वाइल्डलाइफ खात्याला दुसरीकडून कुठून मिळणार? शून्य लिहिलेलं कार्डही तेवढंच उपयोगाचं.

माणशी दिवसाला ७, आणि जवळ एकूणही ७च. म्हणजे काल धरलेल्या घरी फ्रीजरमध्ये ७ असतील तर आज एकही नाही. विकायला पूर्ण बंदी. डायव्हरने फक्त हाताने धरायची. भाला, आकडा (हुक), फास काही चालत नाही, आकडा जवळ बाळगलेलासुद्धा चालत नाही. त्यामुळे मासे मारायला भाला घेऊन उतरणाऱ्यांनी आधी नियम पुन्हा वाचावेत. नियम बदलतात, दर वर्षी फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर स्वतः बघा, माझ्या किंवा कुणाच्याही शब्दावर जाऊ नका.

मापाबद्दल मी फार कडक आहे. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत, मधल्या रेषेवर, सव्वातीन इंच, म्हणजे सुमारे ८३ मिलिमीटर. धातूचं गेज मिळतं, ते मनगटाला बांधून ठेवा. गेज दोन्ही कडांवरून सहज खाली बसलं तर शेवंड लहान, लगेच सोडायची. पिशवीत टाकून नंतर मोजू, हे चालत नाही. अगदी काठावरची वाटली तर मी सोडून देते.

मिनीसीझनवाला (टँपा)

फ्लोरिडात रीत वेगळी आहे. इथली शेवंड पॅन्युलिरस आर्गस, पाणी कोमट, दिसतंही लांबवर, आणि बहुतेक काम दिवसा. लांब काडीने मागून डिवचून तिला कपारीबाहेर काढायचं आणि हातजाळीत घ्यायचं. ही काडी तुमच्याकडे चालणार नाही हे आत्ता कळलं. पाठीचं कवच ३ इंचांपेक्षा मोठं हवं, पाण्यातच मोजायचं, गेज जवळ नसेल तर तोच गुन्हा. पोटाखाली अंडी असलेली मादी सोडायचीच.

नेहमीचा सीझन ६ ऑगस्ट ते ३१ मार्च. त्याआधी जुलैच्या शेवटच्या बुधवार-गुरुवारी दोन दिवसांचा मिनीसीझन हौशी लोकांसाठी. कीज बेटांकडे त्या दोन दिवसांत जी झुंबड उडते ती बघूनच मी आता जात नाही. मन्रो काउंटीत, म्हणजे कीज बेटांच्याच भागात, मिनीसीझनमध्ये रात्री डाइव्ह करून धरायला बंदी आहे, ती उगाच नाही. खडपवाली म्हणतायत ते आमच्याकडेही शब्दशः लागू. ऑगस्टचा पहिला आठवडा जाऊ द्यावा, मग निवांत उतरावं.

देवबागकर

खडपवाली ताई, वाचून बरं वाटलं. आमच्या घरात शेवंडीची कांडाळ (जाळं) होती. संध्याकाळी खडपाच्या कडेने टाकायची, पहाटे ओढायची. आजोबा जाळ्यातून शेवंड सोडवताना आधी उलटी करून बघायचे. "पोटात अंडी आसली तर सोडून दी," असा आजो सांगायचो. सरकारी कागद घरात यायच्या कितीतरी आधीची ही शिस्त. पण ती घराघरातली होती, सगळ्यांची नव्हती. आता मोठ्या नौका आणि निर्यातीचा दर यांच्यापुढे ती टिकत नाही.

मला प्रश्न पडला तो असा. तुमच्याकडे अंडीवाल्या मादीसाठी काय आहे?

खडपवाली

@देवबागकर, आजोबांना नमस्कार. इथे मुख्य संरक्षण आहे ते बंद काळाचं. मार्चच्या मध्यानंतर ऑक्टोबरपर्यंत धरायला बंदी, आणि अंडी घालण्याचा-वाढवण्याचा काळ नेमका त्यातच येतो. दुसरं संरक्षण मापाचं. सव्वातीन इंचांची होईपर्यंत मादी एकदोनदा तरी अंडी देऊन मोकळी झालेली असावी, असा त्यामागचा हिशेब. मोठ्या मादीच्या पोटाखाली लाखोंनी अंडी असतात, लहानीला त्या मानाने फारच कमी. म्हणून मी स्वतः खूप मोठ्या शेवंडीही सोडते. कायदा तसं सांगत नाही, हे माझं मत.

मत्स्यगंध

देवबागकरांच्या मुद्द्याला थोडी जोड देतो. भारतात २००३ साली निर्यातीसाठी किमान वजनं ठरली. पॅन्युलिरस पॉलिफॅगस म्हणजे मुंबई-गुजरातकडची, तिला ३०० ग्रॅम. पॅन्युलिरस होमारस, खडकाळ किनाऱ्याची, तिला २०० ग्रॅम. ऑर्नेटसला ५०० ग्रॅम, आणि चपट्या थेनस लॉबस्टरला १५० ग्रॅम. ही बंधनं निर्यातीवर आहेत. स्थानिक बाजारात, हॉटेलात छोटी शेवंड सर्रास दिसते ती यामुळेच.

मुंबईच्या थेनसचं काय झालं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. ट्रॉलर्सच्या जाळ्यात ती इतर मासळीबरोबर येत असे, ऐंशीच्या दशकात भरपूर. अंडीवाल्या माद्या, पिल्लं, सगळं उचललं गेलं आणि १९९४ च्या सुमारास ती जवळजवळ दिसेनाशी झाली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हा सगळा उतार नोंदवून ठेवला आहे. हाताने एकेक धरणाऱ्या डायव्हरने असं काही होत नाही, पण डायव्हर हजारो असतील आणि माप कुणी बघत नसेल तर तेही होईल.

शांतपाणी

माफ करा, पण मला मूळ कल्पनाच पटत नाही. पोटासाठी धरणाऱ्या कोळ्याचं समजू शकते. चांगल्या पगाराची माणसं दहा वर्षांचा प्राणी मौज म्हणून बिळातून ओढून काढतात, याचं कौतुक का करायचं? मी पण डाइव्ह करते. बघून वर येते, तेवढ्याने माझं भागतं.

खडपवाली

@शांतपाणी, तुमचं म्हणणं मी मनापासून घेते. उत्तर थोडं लांब होईल.

इथल्या किनाऱ्याने अ‍ॅबलोनी या मोठ्या समुद्री गोगलगायीचं उदाहरण पाहिलं आहे. एके काळी दक्षिण कॅलिफोर्नियात डायव्हर पोती भरून अ‍ॅबलोनी काढत. १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला ती पूर्ण बंद करावी लागली, २००१ मध्ये व्हाइट अ‍ॅबलोनी धोक्यात आलेल्या जातींच्या संघीय यादीत गेली. उत्तरेला हौशी लोकांसाठी उरली होती तीही २०१८ पासून बंद. आधी समुद्रतारे रोगाने मेले, पाणी तापलं, अर्चिन बेसुमार वाढले, त्यांनी केल्प खाऊन टाकलं आणि अ‍ॅबलोनी उपाशी मेली. म्हणजे दोष एकट्या डायव्हरांचा नाही. पण ज्या साठ्याचा आधीच उपसा झालेला असतो त्याला असा तडाखा सोसत नाही.

शेवंडीच्या बाबतीत अजून तसं झालेलं नाही, आणि ते आपोआप टळलेलं नाही. व्यावसायिक मच्छीमारांच्या परवान्यांची संख्या मर्यादित आहे. २०१६ मध्ये शेवंडीसाठी व्यवस्थापन आराखडा मंजूर झाला, त्यानंतर एका परवान्याला ३०० सापळ्यांची मर्यादा आली. आणि १ जानेवारी २०१२ पासून दक्षिण कॅलिफोर्नियात सागरी राखीव क्षेत्रांचं जाळं लागू आहे. शेवंड दक्षिणेकडे अर्चिनना आटोक्यात ठेवते, म्हणजे केल्पचं जंगल राखायलाही ती हवी. ज्यांना ती धरायची असते ते लोक या नियमांसाठी सुनावण्यांना जाऊन बसतात, कार्ड भरतात, चोरटी शिकार दिसली तर कळवतात. मी त्यांच्यातली आहे. घरात चार माणसांना पुरेल एवढं, हाताने, मोजून घ्यायचं, यात मला अपराध वाटत नाही. सात मिळू शकतात म्हणून सात घ्यायच्या, हे मात्र मलाही पटत नाही.

तुमच्यासारखं नुसतं बघणाऱ्यांकडून आम्हाला शिकायला मिळतं हेही खरं. नव्या लोकांना मी आधी ला होया कोव्हला पाठवते. तो भाग मॅटलाहुएल राखीव क्षेत्रात येतो, तिथून काहीही काढायचं नाही. हात लावायची सोयच नाही म्हटल्यावर माणूस निवांत बघतो.

शांतपाणी

उत्तर आवडलं. मत बदललं नाही, पण अशा माणसाबरोबर डाइव्हला यायला मला काही हरकत नाही. बघणारा बडी मिळाला तर धरणाऱ्याचंही हवेचं गेज कुणीतरी बघेल.

खडपवाली

@शांतपाणी, ही फार चांगली सूचना आहे. मी यापुढे सगळ्यांना हेच सांगणार. जोडीतल्या एकानेच धरायचं, दुसऱ्याने फक्त टॉर्च, हवा आणि वेळ सांभाळायची. पुढच्या डाइव्हला अदलाबदल.

एकाश्वास

टँक न घेता उतरणाऱ्यांसाठी माझे दोन शब्द. मी फ्रीडायव्हर आहे. बुडबुड्यांचा आवाज नाही, ओझं नाही, लाटांच्या पट्ट्यात हालचाल सोपी, त्यामुळे उथळ पाण्यात शेवंडीसाठी हा प्रकार चांगला. पण इथला धोका वेगळा आणि फार फसवा आहे. खाली जाण्याआधी जोरजोरात श्वास घेऊन सोडू नका. त्याने शरीरात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटण्याची जी ऊर्मी येते ती त्या कार्बन डायऑक्साइडमुळेच येते. ती उशिरा येते, तोवर ऑक्सिजन संपलेला असतो. वर येताना दाब कमी होतो तसा उरलेलाही अपुरा पडतो आणि शेवटच्या काही फुटांत शुद्ध हरपते. काहीही दुखत नाही, सूचना मिळत नाही.

म्हणून एक खाली, एक वर, हे कधीही मोडायचं नाही. वर आलेल्याकडे निदान अर्धा मिनिट बघत राहायचं, कारण शुद्ध वर आल्यावरही जाते. आणि कपारीतली शेवंड सुटत नसेल तर सोडा, वर या, पुन्हा जा. "अजून थोडंसं" असं वाटतं तो क्षण सगळ्यात वाईट.

रविकिरण_ओसी

वाचतोय, भीतीही वाटतेय आणि उत्सुकताही. प्रत्यक्षात धरायची कशी? व्हिडिओत हात मारताना दिसतात, पण तेवढ्यात ती जाते.

खडपवाली

@रविकिरण_ओसी, ती मागे जाते, हे आधी डोक्यात पक्कं करा. शेपटी पोटाखाली झटकते आणि मागच्या मागे उसळी घेते. समोरून हळूहळू हात नेलात तर तिला तेवढा वेळ तुम्हीच देता. टॉर्चचा झोत थेट डोळ्यांवर टाकू नका, जरा बाजूला ठेवा, कडेच्या उजेडात ती जागेवर थांबते. वरून किंवा किंचित मागून या, आणि एकदा ठरवलं की हात सरळ पाठीवर दाबा, तिला तळाशी चेपून धरा. चाचपडत गेलेला हात रिकामाच येतो. पाठीवरचे काटे पुढे झुकलेले असल्याने जाड हातमोजे लागतात. तळव्याखाली ती फडफडते, मिशांच्या बुडाशी घासून कर्रकर्र आवाज करते, नवखा माणूस त्यानेच दचकून सोडतो.

मिशी किंवा पाय धरून ओढू नका. ते तुटून हातात येतात, शेवंड आत जाते आणि पुढच्या वाढीतली तिची शक्ती तो अवयव परत उगवण्यात जाते. पिशवीत घालताना शेपटीकडून घाला, म्हणजे तिने झटका दिला तरी ती आतच जाईल. पिशवी अशी अडकवा की एका हाताने सोडून टाकता येईल.

कपारीत हात घालण्याआधी उजेड टाकून पूर्ण आत बघा. इथे मोरे ईल (वामसारखा लांब मासा) शेवंडीच्या शेजारीच बसलेली असते. ती आपणहून अंगावर येत नाही, पण तिच्या तोंडात बोटं गेली तर चावते, आणि दात आत वळलेले असल्याने हात ओढला की जखम फाटते.

केल्पमध्ये अडकलात तर थांबा. गरगर फिरलात की गुंडाळले जाल. केल्पचा दांडा ओढून तुटत नाही, पण दोन्ही हातांनी मोडला की काडकन तुटतो. सगळ्यात जास्त अडकतो तो टँकचा व्हॉल्व्ह आणि फिनचे पट्टे, तिथे बडीने हात द्यायचा.

रविकिरण_ओसी

धन्यवाद! आणि वेटसूट? मी भाड्याने ३ मिलिमीटरचा घेतला होता उन्हाळ्यात.

खडपवाली

ऑक्टोबरात वरचं पाणी बरं असतं, पण रात्री तळाशी ३ मिलिमीटर पुरणार नाही. ७ मिलिमीटर आणि डोक्याला हूड. जानेवारीत पाणी १३-१४ अंशांवर येतं. गारठलेल्या हाताला पकड राहत नाही आणि गारठलेलं डोकं चुकीचे निर्णय घेतं. जाड सूट घेतलात की वजनही वाढवावं लागतं, ते आधी दिवसा उथळ पाण्यात तपासून घ्या. टॉर्च दोन, आणि टँकला छोटा मार्कर दिवा.

बॉस्टनची_बाय

आमच्याकडे नांग्यांवाला अमेरिकन लॉबस्टर. मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना काढून डाइव्ह करून धरता येतो, मेनमध्ये डाइव्ह करून धरायला बंदी आहे, तिथे फक्त सापळे. मेनमधले मच्छीमार अंडीवाल्या मादीच्या शेपटीला व्ही आकाराची खाच पाडून सोडतात, आणि पुढे तिच्या पोटाखाली अंडी नसली तरी ती खाच दिसली की कुणी ठेवत नाही. देवबागकरांच्या आजोबांचं वाचून तेच आठवलं.

देवबागकर

@बॉस्टनची_बाय, ही खाचेची गोष्ट मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत नक्की सांगणार. आपल्याकडे कुणी पाळेल का, ते मंडळींना विचारून बघतो.

तारकर्लीला आता स्कूबा शिकायला पुष्कळ पोरं येतात. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. आमच्याच गावची पोरं आता पर्यटकांना पाण्याखालची शेवंड दाखवून पैसे मिळवतात. जिवंत शेवंड दर दिवशी नव्या माणसाला दाखवता येते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

चौकस

सगळं झालं, आता खायचं कुणीतरी सांगा. आणि आतला तो पिवळट-हिरवट भाग खातात का?

खडपवाली

@चौकस, तो खाऊ नका. काही वर्षी समुद्रात शेवाळाचा बहर येतो तेव्हा डोमोइक आम्ल नावाचं विष तयार होतं आणि ते शेवंडीच्या आतड्या-यकृतात साठतं. शिजवून ते जात नाही. यामुळे इथे काही भाग सीझनमध्येच बंद केलेले आहेत, आरोग्य खात्याची सूचना बघत जा.

शिजवायच्या आधी शेवंड बर्फात ठेवून पूर्ण गार करा, ती सुस्त पडते. मगच सुरी. शेपटीतली काळी शीर काढायला तिचीच मोडलेली मिशी मागून आत घालून फिरवून ओढायची, सगळी शीर एकदम निघते. शेपटी घरी येईपर्यंत वेगळी करायची नाही, वाटेत वॉर्डनने थांबवलं तर माप घेता आलं पाहिजे. बाकी माझी पद्धत साधी. ओलं खोबरं, धणे, मिरी, सुक्या मिरच्या भाजून वाटण, आमसूल, आणि रस्सा उकळल्यावर अगदी शेवटी शेपटीचे तुकडे. पाच-सात मिनिटं पुरतात. जास्त शिजवलं की रबर.

देवबागकर

वाटणात कांदा भाजून घाला ताई, मग बघा.

रविकिरण_ओसी

ठरवलं. यंदा पहिल्या रात्री जाणार नाही. शांतपाणी, तुम्ही ऑरेंज काउंटीकडे असाल तर येत्या शनिवारी दिवसा एक डाइव्ह करूया का, लगुना बीचला? पिशवीशिवाय.

शांतपाणी

चालेल. लगुनाचा बहुतेक किनारा राखीवच आहे, तेव्हा पिशवीचा प्रश्नच येत नाही. सकाळी सातला भेटू, नंतर वारा वाढतो.

खडपवाली

छान. शुक्रवारी रात्री स्क्रिप्स या समुद्रसंशोधन संस्थेच्या लाटा मोजणाऱ्या बॉयांचे आकडे बघून घ्या, त्यांच्या सीडीआयपी साइटवर मिळतात. लाटेची उंची तर बघाच, पण दोन लाटांमधला वेळही बघा. तीन फुटांची लाट आणि सोळा-सतरा सेकंदांचं अंतर असेल तर तळापर्यंत हेलकावा जाणवेल. दिशा दक्षिणेची असेल तर लगुना सोडून दुसरा दिवस धरा. काठावर उभं राहून दहा मिनिटं लाटा बघा आणि दोघांपैकी एकालाही नको वाटलं तर गाडीत बसून नाश्त्याला जा. तळाची दिशा, खडकांची रांग आणि बाहेर पडायची जागा पाटीवर काढून आणा, आणि रविकिरण, तुमच्या टँकमध्ये वर येताना किती हवा उरली तो आकडा इथे लिहा. त्यावरून रात्रीचं ठरवू.